नायजरकांठचा शेतकरी व त्याचें एकतारी वाद्य

आमच्या मासिकाच्या वाचकांस या पानांवर बी-बियाणें, खतें, गुरांचे रोग आणि बाजारभाव यांविषयींचे लेख वाचण्याची संवय आहे. तेव्हां या अंकांत एका वादकाची हकीकत कशासाठीं, असा प्रश्न त्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास उत्तर असें कीं, ज्या पुरुषाविषयीं आम्ही लिहीत आहों तो धंद्यानें शेतकरी होता, साऱ्या जगांत नांव झाल्यावरही स्वतःस आधीं शेतकरी व मग वादक म्हणवीत असे, आणि वाद्यानें मिळविलेला पैसा त्यानें जमिनीस पाणी देण्यांत घातला.

दुसरें कारण आपल्या घरच्या उंबऱ्याजवळचें आहे. जमीनजुमला असलेल्या घरांतील मुलगा एकतारी, तुणतुणें किंवा सारंगी हातीं घेऊन बसूं लागला म्हणजे वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. चार दिवस भजनास बसला तर कोणी बोलत नाहीं. पण वाद्यावांचून त्यास चैन पडेनासें झालें कीं, 'पोरगा हातचा गेला' असा निकाल ओट्यावर बसूनच दिला जातो. महसूल खात्याच्या नोकरींत पीकपाहणीच्या निमित्तानें गांवोगांव फिरतांना हा निकाल आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. तो प्रत्येक वेळीं खोटाच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. वाद्याच्या नादीं लागून वर्षवर्ष बांधावर पाय न ठेवणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांचीं शेतें दुसऱ्याच्या नांवावर चढविणारे कागदही आमच्या हातांखालून गेले आहेत. परंतु निकाल देण्यापूर्वीं दुसऱ्या बाजूचाही एक दाखला दप्तरीं असावा, म्हणून ही हकीकत.

या पुरुषाचें नांव अली फर्का तूरे. त्याचा देश माली. आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागांतील, चारी बाजूंनीं जमिनीनें वेढलेला हा देश १९६० सालापर्यंत फ्रेंचांच्या अंमलाखालीं होता. त्याच्या उत्तर भागांत सहाराचें वाळवंट पसरलें आहे. वाळवंटाच्या कडेनें नायजर नदी वाहते, आणि तिच्या कांठीं, टिंबक्टू शहराच्या वरच्या अंगास, नियाफुंके नांवाचें गांव आहे. अलीचें आयुष्य या गांवाभोंवतीं फिरलें. तो पॅरिस, लंडन, अमेरिका येथें गेला खरा, पण मुक्कामाचें ठिकाण हेंच.

नदीचा स्वभाव समजल्याशिवाय हा माणूस समजणार नाहीं, म्हणून थोडें विषयांतर करतों. आणि शेतकी मासिकांत तें विषयांतरही नव्हे. नायजर सुमारें ४,२०० किलोमीटर लांबीची आहे. ती समुद्रापासून फार दूर नसलेल्या गिनीच्या डोंगरांत उगम पावते, परंतु समुद्राकडे न जातां वाळवंटाकडे तोंड करून ईशान्येस वाहूं लागते. टिंबक्टूपाशीं वाळवंटास भिडल्यावर ती मोठें वळण घेते व पुढें आग्नेयीस वळून नायजेरिया देशांत समुद्रास मिळते. वळणाच्या अलीकडील सपाटींत तिचे असंख्य फांटे फुटतात, तळीं भरतात आणि पुराच्या दिवसांत विस्तीर्ण मुलूख पाण्याखालीं जातो. नियाफुंके या मुलखाच्या उत्तर भागांत आहे. तेथें पाऊस वर्षाकांठीं आठ-दहा इंच. आपल्या माण-खटावकडे वीस इंचांच्या आंतबाहेर पडतो व आपण त्यास दुष्काळी टापू म्हणतों, यावरून कल्पना यावी. परंतु गिनीच्या डोंगरांतील पावसाचें पाणी या सपाटींतून सरकत येण्यास इतके दिवस घेतें कीं, तेथला स्वतःचा पाऊस भाद्रपद-आश्विनांत संपून गेल्यावर कार्तिक-मार्गशीर्षांत नदीचा पूर शिगेस पोंचतो. आभाळ कोरडें आणि शेतांत पाणी चढतें आहे, असा तो देखावा असतो.

तेथला शेतकरी या दोहोंचा मेळ घालतो. पहिल्या पावसावर भात पेरावयाचा. पूर येण्यापूर्वीं त्यानें मूळ धरलें पाहिजे. मग पाणी जसजसें चढतें तसतशी काडी लांबत जाते व लोंबी पाण्यावर राहते. आफ्रिकेचा स्वतःचा म्हणून जो भात आहे, आपल्या भाताहून निराळ्या जातीचा, तो याच नायजरच्या खोलगटींत दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागवडींत आहे. पूर उशिरा आला तर रोप वाळतें, लवकर आला तर कोवळेपणींच बुडतें. पुढें पाणी ओसरूं लागलें म्हणजे उघड्या पडत जाणाऱ्या ओल्या जमिनींत ज्वारी पेरतात. ही आपली गाळपेरच होय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तलावांच्या व नदीपात्रांतील गाळपेरीच्या जमिनी एकसाली पट्ट्यानें देण्याचे कागद आम्हीं स्वहस्तें लिहिलेले आहेत. हजारों कोसांवरील शेतकरी तीच युक्ति करतो हें वाचून आम्हांस ओळखीचा माणूस भेटल्यासारखें वाटलें.

अलीचा जन्म १९३९ सालीं नदीकांठच्या एका लहानशा खेड्यांत झाला. तो आईचा दहावा मुलगा. आधींचे नऊही लहानपणींच गेलेले. अशा घरीं मागून झालेल्या मुलास दृष्ट लागूं नये म्हणून हलकेंसें नांव ठेवण्याची रीत तिकडेही आहे. अलीस 'फर्का' हें नांव पडलें. त्याचा अर्थ गाढव. आपल्याकडील धोंडू, दगडू, केरू या नांवांचें मूळ ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. गाढव तिकडे हट्टीपणाबद्दल व चिकाटीबद्दल प्रसिद्ध आहे, आणि मुलानें नांव सार्थ केलें. वडील फ्रेंचांच्या सैन्यांत होते. ते १९४० सालीं वारले. पुढें कुटुंब नियाफुंके येथें येऊन राहिलें. शाळा त्यास मिळाली नाहीं. कळूं लागल्यापासून शेतांतील काम, एवढेंच शिक्षण.

आतां वाद्याकडे वळूं. तिकडे गाणें-वाजविणें हा पुष्कळ अंशीं वंशपरंपरेचा धंदा आहे. थोर घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणारीं, लग्नकार्यांत गाणारीं कुळें निराळीं. आपल्याकडील भाट व गोंधळी यांची आठवण व्हावी अशीं. अलीचें घराणें त्यांपैकीं नव्हे. १५९१ सालीं मोरोक्कोच्या सुलतानाचें सैन्य त्या मुलखावर चालून गेलें. त्या सैनिकांचे जे वंशज तेथेंच राहिले त्यांच्यांत या घराण्याची गणना होई, आणि त्याची प्रतिष्ठा मोठी. अशा घरच्या मुलानें वाद्य धरणें म्हणजे आपल्याकडे एखाद्या देशमुखाच्या मुलानें तुणतुणें घेऊन फडावर उभें राहिल्यासारखें. घरच्यांचा विरोध झाला यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य आहे तें मुलगा बधला नाहीं याचें.

शिवाय त्यानें जें वाद्य धरलें तें त्या मुलखांतील वाद्यांतही अगदीं गरीब. त्यास जुर्केल म्हणतात. एक दांडी, खालीं कातड्यानें मढविलेला लहानसा पोकळ भाग, आणि एकच तार. ती बोटानें छेडावयाची. याचेंच भावंड न्जार्का नांवाचें आहे. त्यांत अर्ध्या भोपळ्यावर कातडें ताणलेलें असतें, घोड्याच्या केंसांची एक तार असते व ती तशाच केंसांच्या गजानें वाजवितात. आपल्या तुणतुण्याची तार एकाच स्वरावर झणकारत राहते व गाणाऱ्यास आधार देते. जुर्केलचें काम तेवढ्यावर भागत नाहीं. एका हातानें तार छेडावयाची, दुसऱ्या हाताचीं बोटें तिच्यावर फिरवावयाचीं, आणि त्या एका तारेंतून सबंध चाल काढावयाची.

भोपळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. हा भोपळा आपल्या दुध्याच्याच जातीचा असून वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वेलाचें मूळ घर आफ्रिकाच मानतात. आपल्याकडे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस या जातीचा मोठा, जाड सालीचा भोपळा वाद्यांसाठीं मुद्दाम पिकवितात व तो मिरजेच्या सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे जातो. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. हें फळ कोवळेपणीं खुडावयाचें नसतें. तें वेलावरच जून होऊं द्यावयाचें, त्यास डाग लागूं द्यावयाचा नाहीं, मग महिनेच्या महिने वाळवावयाचें. भाजीबाजारांत ज्याची किंमत शून्य, तें फळ वाद्यवाला वाजवून, फिरवून, पारखून घेतो. पाण्याची सोय व थोडा धीर असलेल्या शेतकऱ्यानें या पिकाचा विचार करण्यासारखा आहे. पण तो निराळ्या लेखाचा विषय.

१९५० सालीं, म्हणजे अकराव्या वर्षाच्या सुमारास, अलीनें जुर्केल हातीं घेतलें. पुढें न्जार्काही तो आपला आपणच शिकला. या वाद्यांविषयीं तिकडे अशी समजूत आहे कीं, नदींत वास करणाऱ्या देवता त्यांच्या नादानें जवळ येतात. मुलूख मुसलमानी धर्माचा असला तरी नदीच्या देवतांचें हें दैवत-कार्य जुनें आहे, आणि अलीची आजी त्यांतील नांवाजलेली पुजारीण होती. आपल्या गोंधळांत किंवा जागरणांत वाद्य ही केवळ करमणूक नसते, तसाच हा प्रकार. वाद्य घेतल्यावर कांहीं काळानें मुलास झटके येऊं लागले. लोकांनीं तें देवतांचें झपाटणें मानलें, आणि तो बरा व्हावा म्हणून त्यास दुसऱ्या गांवीं धाडलें. तेथें तो सुमारें वर्षभर होता. ही हकीकत त्यानें स्वतःच पुढें सांगितलेली आहे.

झपाटण्याविषयीं आमचें मत कोणी विचारूं नये; आम्ही वैद्य नव्हे व देवऋषीही नव्हे. पण यांतील एक गोष्ट सरळ आहे. घरच्यांस वाद्य नको होतें, कुळाच्या रीतीस नको होतें, आणि त्यांत दुखण्याचेंही खापर वाद्यावर फुटलें. मूल सुटण्यास एवढीं कारणें पुरेशीं होतीं. गांवीं परत आल्यावर अलीनें पुन्हां तेंच वाद्य घेतलें.

एका तारेवर इतकीं वर्षें काढून काय मिळतें, असें व्यवहारी वाचक विचारतील. आमची समजूत अशी कीं, पुष्कळ तारा असल्या म्हणजे चुकीस लपावयास जागा मिळते. एका तारेवर बोट रेसभर सरकलें तरी ऐकणाऱ्यास कळतें. बागाइतदार पेरणींतील चूक पाटाच्या पाण्यानें थोडीफार झांकूं शकतो. जिराइतदारास ती सोय नाहीं, आणि म्हणूनच वाफसा ओळखण्यांत जिराइतदाराचा हात धरणारा कोणी नसतो. अलीच्या पुढच्या ध्वनिमुद्रिका आम्हीं लक्षपूर्वक ऐकल्या आहेत. त्यांत भपका नाहीं. एकच लहानशी चाल तो पुन्हां पुन्हां घेतो आणि दर फेऱ्यांत तींत केंसाएवढा फरक करतो. मोट हांकणाऱ्याच्या गाण्याची जुनी आठवण ज्यांस असेल त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

१९५६ सालीं गिनी देशचे नामवंत कलावंत फोदेबा केइता यांचा कार्यक्रम त्यानें पाहिला आणि गिटार या सहा तारांच्या विलायती वाद्याची त्यास ओढ लागली. स्वतःची गिटार विकत घेण्यास मात्र १९६८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं तो कलापथकाबरोबर बल्गेरियाची राजधानी सोफिया येथें महोत्सवास गेला असतां तेथें त्यानें ती घेतली. मधलीं बारा वर्षें पोटासाठीं त्यानें काय केलें नाहीं! शेती तर होतीच. शिवाय शिंपीकाम, मोटार-दुरुस्ती, भाड्याची मोटार हांकणें, नदीवरील रुग्णवाहू नावेवर चाकरी. गिटार आली म्हणून जुर्केल अडगळींत गेलें नाहीं. उलट जुर्केलवर बसलेलीं बोटें त्यानें तशींच गिटारवर चालविलीं, आणि विलायती वाद्यांतून नायजरकांठचा नाद काढला. सोंघाय, फुला, तुआरेग, बोझो अशा त्या नदीवर राहणाऱ्या शेतकरी, गुराखी व कोळी लोकांच्या निरनिराळ्या भाषांत तो गात असे.

त्याच सुमारास त्यानें जॉन ली हूकर या अमेरिकेंतील कृष्णवर्णी गायकाची तबकडी ऐकली, व हें तर आपल्याच मुलखांतील गाणें, असें त्यास प्रथम वाटलें. अमेरिकेंत मळ्यांवर राबविण्यासाठीं ज्या आफ्रिकी लोकांस गुलाम करून नेलें त्यांच्या वंशजांचें हें गाणें. पुढें लोक अलीस विचारीत कीं, तुम्ही त्या गायकांची नक्कल करतां काय? त्याचें म्हणणें शेतकऱ्यास शोभेल असें असे: मुळें आणि बुंधा आमच्याकडे आहे, तिकडे फांद्या आणि पानें गेलीं.

१९७० सालीं तो राजधानी बामाको येथें गेला व रेडिओच्या सरकारी केंद्रावर ध्वनियंत्रें सांभाळण्याची नोकरी करूं लागला. तेथें तो वाजवीतही असे; त्या काळांतील त्याच्या ध्वनिमुद्रिका पॅरिसला छापल्या गेल्या. दहा वर्षांनीं, १९८० सालीं, तो नोकरी सोडून शेती करण्यासाठीं नियाफुंके येथें परत आला. सरकारी पगार, राजधानींतील बिऱ्हाड आणि कानोकानीं झालेलें नांव हीं तिन्ही असतांना! आम्हीं स्वतः नोकरींत केंस पिकविले, म्हणून या गोष्टीचें वजन आम्हांस अधिक वाटतें. येथून पुढें त्यांस अहो-जाहो करणें आम्हांस योग्य वाटतें.

काळ तर फारच कठीण होता. सहाराच्या दक्षिण कडेस १९७२-७३ सालीं पडलेला दुष्काळ आपल्याकडील त्याच वर्षांच्या दुष्काळाचा सोबती. आपण त्यांतून कांहीं वर्षांत सावरलों. तिकडे १९८३-८४ सालीं पुन्हां तीच आपत्ति आली. नदीचा पूर वर्षानुवर्ष तोकडा पडूं लागला, खळग्यांत पाणी पोंचेना, आणि पुराच्या भरंवशावर भात पेरणें म्हणजे जुगार झाला. अशा वेळीं मार्ग एकच: नदीच्या पात्रांतून पंपानें पाणी उचलून, बांध घातलेल्या शेतांस पाटानें देणें. त्यास भांडवल लागतें. पंप, तेल, दुरुस्ती, पाट खोदण्याची मजुरी या सगळ्याचा आंकडा आमचे बागाइतदार वाचक मनांतल्या मनांत मांडूं शकतील. अली यांस हें भांडवल वाद्यानें दिलें. १९८७ सालापासून ते इंग्लंडांत व नंतर इतरत्र कार्यक्रम करूं लागले, ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या, आणि त्या मिळकतींतून गांवीं पाण्याची योजना, भातखाचरें, फळझाडें व गुरेंढोरें उभीं राहिलीं. 'वाद्यानें पदरांत काय पडलें' या प्रश्नाचें हें उत्तर.

मानसन्मानांची यादी देण्याची आम्हांस हौस नाहीं. वर्तमानपत्रांनीं ती भरपूर दिली आहे. एकच गोष्ट आपल्या देशाशीं निगडित म्हणून नमूद करतों. राय कूडर नांवाच्या अमेरिकन वादकाबरोबर जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनीं केलेल्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याच कूडर यांनीं लगोलग अली यांच्याबरोबर जी ध्वनिमुद्रिका केली तिला १९९५ सालीं तेंच पारितोषिक मिळालें. एवढ्यावर कोणीही वादक परदेशीं दुकान मांडून बसला असता. अली शेताकडे परत गेले आणि बाहेर जाण्यास दिवसेंदिवस नाखूष होऊं लागले. तेव्हां पुढची ध्वनिमुद्रिका करण्यासाठीं लंडनच्या मंडळींसच सामानसुमान घेऊन नियाफुंके येथें यावें लागलें. गांवांत वीज नव्हती. ओस पडलेल्या एका विटांच्या इमारतींत जनित्र लावून काम झालें, आणि तेंही यजमानांस शेतांतून सवड होईल तेव्हां. ती ध्वनिमुद्रिका १९९९ सालीं गांवाच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. शेताच्या वेळापत्रकाप्रमाणें गवई चालतो, हें एकदां तरी घडलें याचें आम्हांस समाधान वाटतें.

२००४ सालीं ते गांवचे नगराध्यक्ष झाले. रस्ते सपाट करणें, सांडपाण्याचीं गटारें बांधणें व विजेच्या जनित्रास तेल पुरविणें, यांवर त्यांनीं पदरचा पैसा खर्च केला. गांवच्या कारभाऱ्यानें पदरचा पैसा खर्च केल्याचें उदाहरण आमच्या सबंध नोकरींत कितीदां पाहण्यांत आलें, तें येथें सांगत नाहीं.

याच काळांत त्यांनीं तुमानी जाबाते यांच्याबरोबर वादन केलें. तुमानी हे वंशपरंपरेच्या वादक-कुळांतील. त्यांचें वाद्य कोरा. मोठ्या भोपळ्याचें अर्धें कवच, त्यावर गाईचें कातडें, लांब दांडी आणि २१ तारा. वादक तें स्वतःकडे तोंड करून धरतो व दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनींच वाजवितो. एक वाद्याचा वारसा जन्मानें मिळालेला, दुसरा तो हट्टानें मिळविलेला. दोघांनीं आधीं तालीम न करतां बामाकोच्या एका हॉटेलांत नदीसमोर बसून वाजविलेलें ध्वनिमुद्रित झालें व २००५ सालीं बाहेर आलें. त्यासही २००६ च्या आरंभीं ग्रॅमी मिळालें. अली यांस तेव्हां हाडांचा कर्करोग झाला होता. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ते वारले व नियाफुंके येथें त्यांस मूठमाती दिली गेली.

या हकीकतींतील एक भाग राहिला, आणि तो आमच्या वाचकांस सर्वांत परिचयाचा वाटेल. अली यांचा मुलगा बुरेमा, जन्म १९८१, लोक त्यास व्यू म्हणतात. त्यासही लहानपणापासून वादनाचा ध्यास. बापानें काय करावें? ज्यानें स्वतः घरच्यांचा विरोध सोसून वाद्य धरलें त्यानें मुलास विरोध केला. त्यानें सैन्यांत जावें अशी अली यांची इच्छा होती. या धंद्यांतील जांच व धांवपळ आपण भोगली ती मुलाच्या वांट्यास येऊं नये, असा त्यांचा हेतु होता. आणि बापाच्या बाजूनें पाहतां तो अगदींच अयोग्य म्हणवत नाहीं. मुलानें बामाकोच्या कलाशाळेंत नांव घातलें, तेथें तालवाद्य शिकला आणि गिटारचा अभ्यास चोरून केला. अखेर तुमानी जाबाते यांनीं मध्यस्थी केली. अंथरुणास खिळण्याच्या सुमारास अली यांचें मन वळलें. मुलाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं स्वतः साथ केली. त्यांच्या शेवटच्या वादनांपैकीं तें एक. ती ध्वनिमुद्रिका २००७ सालीं निघाली, आणि तिच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा नियाफुंकेच्या बाजूस हिंवतापाच्या निवारणासाठीं, मुलांस व गरोदर बायांस मच्छरदाण्या देण्याकरितां राखून ठेवला गेला. भातखाचरांच्या गांवांत डांसांचा उपद्रव काय असतो तें कोंकणच्या वाचकांस सांगावयास नको.

२०१२ सालीं उत्तर मालीचा मुलूख सशस्त्र धर्मवेड्या टोळ्यांच्या हातीं गेला आणि त्यांनीं तेथें संगीतास बंदी केली. नियाफुंकेही त्यांत सांपडलें. ज्या गांवाचें नांव एका वादकामुळें जगास कळलें तेथें वाद्य वाजविणें गुन्हा ठरलें. वादक मंडळी दक्षिणेकडे निघून गेली. २०१३ च्या जानेवारींत माली व फ्रान्स यांच्या फौजांनीं गांव परत घेतलें, तरी त्या मुलखांत पूर्वींची शांतता त्यानंतर आलेली नाहीं. व्यू यांनीं बामाको येथें आपल्या राहत्या घरीं ध्वनिमुद्रणाची खोली बांधून तिला वडिलांचें नांव दिलें आहे. २०२२ सालीं त्यांनीं तेथें केलेली ध्वनिमुद्रिका वडिलांच्या जुन्या वळणाची आहे. तिच्या फ्रेंच नांवाचा अर्थ 'मुळें' असा होतो.